पोकळ चौकोन

दुपारपासून रुखरुख लागली आहे. राजस्थानातल्या महाजन गावाजवळच्या लष्करी फायरिंग रेंजच्या नकाशाची नवी शीट तपासायला आली आणि तिच्यात त्या ओसाड गावाचं नाव नाही. वसत्या गावाचे चौकोन भरीव, ओसाड गावाचे पोकळ. पोकळ चौकोन जागच्या जागी आहेत, पक्की विहीरही आहे. नाव तेवढं गेलं. नकाशा काढणाऱ्याला विचारलं तर म्हणे, तोफखान्याला ग्रिड लागतो, उंची लागते. कोणी राहत नाही तिथलं नाव कशाला?

त्याचंही खोटं नाही. बिकानेरकडची ती गावं १९८० च्या दशकात रेंजसाठी उठवली. मी सर्वेक्षणाला गेलो १९९४ ला, तेव्हाही फोगची झुडपं आणि खेजडीची झाडंच होती. हवाई फोटोत भिंती दिसतात, नाव दिसत नाही, ते पायी जाऊन आणावं लागतं. फायरिंग नसेल त्या दिवशी आत सोडायचे. आमचा खलासी, म्हणजे सर्वेक्षणातला मदतनीस, त्याच गावचा. पडक्या भिंतीपाशी त्याने चपला काढल्या आणि म्हणाला, "साहेब, लिहून घ्या." मी तीनदा म्हणवून घेतलं, कारण त्यात मारवाडी 'ळ' होता. हिंदीत लिहिणाऱ्यांनी 'ल' केला असता. मला तो घरच्यासारखा ऐकू आला.

त्या वर्षी अण्णा... नको ते.

संध्याकाळी वाटलं, तीस वर्षं उन्हात भाजून घेतलं त्यातलं राहिलं काय? टीबे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, तर कधीच हलले. मे-जूनचा नैऋत्येचा वारा आणि सरकती वाळू, तिथे कशाची शाश्वती. दर वीस मीटर उंचीला एक अशा काँटूरच्या रेषांत लहान टीबा हरवतोच. जेवताना हिला हेच ऐकवत बसलो. ती म्हणाली, "वाळू सरकते म्हणून तर तुम्हाला परत परत पाठवायचे ना?" खरंच की. माझे काँटूर पुसून कोणी नवे काढले, यात दुःख कसलं? कामच ते.

पण नाव सरकलं नव्हतं. ते आपण काढलं.

रात्री जुनी फील्डबुक शोधली. पेन्सिल फिकट झाली आहे, पण 'ल' खोडून काढलेला 'ळ' वाचता येतो. तो खलासी आता असेल की नाही, कोण जाणे. असेल तर सत्तरीचा.

उद्या शेऱ्यात लिहीन: पोकळ चौकोनांशेजारी नाव परत घालावे. उच्चार जागेवर तपासलेला आहे.