प्रिंट केलं, मग ब्राउझरमध्ये का दिसत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, की ताई पायथनमध्ये प्रिंट लिहिलंय, एररही नाही, तरी ब्राउझरमध्ये काहीच का येत नाही?

मी नाशिकला गंगापूर रोडला घरीच मुलांना कोडिंग शिकवते. निफाडकडून एक मुलगी यायची, तिनं कांद्याचा हिशोब लिहिलेला, क्विंटल गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. काळ्या विंडोत उत्तर बरोब्बर, पण तिला ते वडिलांना मोबाईलवर दाखवायचं होतं, कारण लासलगावला लिलाव झाला की ते हिशोबपट्टी घेऊन रात्री वहीत आकडेमोड करत बसायचे.

तर प्रिंट ब्राउझरशी बोलतच नाही, स्क्रिप्ट जिथून चालवली त्या टर्मिनलवर, म्हणजे त्या काळ्या विंडोत, ते लिहितं. ब्राउझर तुमची पायथन फाईल चालवत नाही, त्याला पत्त्यावरून एचटीएमएल (वेबपानाची भाषा) नाहीतर साधा मजकूर कुणीतरी पाठवावा लागतो, आणि ते काम सर्व्हरचं. आम्ही फ्लास्क घेतलं, पायथनमध्येच असा सर्व्हर लिहायचं छोटं साधन. त्यात फंक्शननं जे रिटर्न केलं तेच पानावर जातं. रिटर्न विसरलात की ब्राउझरमध्ये ५०० एरर, म्हणजे सर्व्हरकडे गडबड, आणि तिकडे टर्मिनलवर प्रिंट मात्र छान दिसतंय, इथेच मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात.

नंतर तिच्या सगळ्या ओळी एकाच ओळीत चिकटून आल्या. एचटीएमएलमध्ये नवी ओळ म्हणजे नुसती स्पेस, म्हणून मजकूर प्री टॅगमध्ये घातला, त्यात ओळी जशाच्या तशा राहतात.

मोबाईलवर १२७.०.०.१ टाकू नका, त्या पत्त्यावर मोबाईल स्वतःलाच शोधतो. फ्लास्क चालवताना होस्ट ०.०.०.० द्या, म्हणजे सर्व्हर दुसऱ्या यंत्रांनाही उत्तर देतो, मोबाईल आणि लॅपटॉप दोन्ही एकाच वायफायवर ठेवा, मग मोबाईलच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी (वायफायवरचा त्याचा पत्ता), कोलन, ५००० टाका. विंडोजचा फायरवॉल विचारतो, परवानगी द्यायची. हे फक्त घरच्या वायफायवर करा आणि डीबग मोड (फ्लास्कची चुका शोधायची सोय) बंद ठेवा, प्लीज.

आधी वर्षभर काळ्या विंडोतच शिका असं बरेच जण सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. घरच्यांना दाखवता आलं की मूल स्वतःहून पुढचं विचारतं, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

तिच्या वडिलांनी मोबाईल हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तोलाई कमी धरलीस गं." तिनं आकडा बदलला, सर्व्हर परत चालू केला, आणि म्हणाली, "आता रिफ्रेश करा, बाबा."