गाजर, पालेभाजी आणि आईचे डोळे

आज आईचे डोळे तपासून आणले. पडद्याच्या मधल्या भागाची झीज सुरू झालीय, वयामुळे. "गाजर खाल्लं तर नंबर जाईल का हो?" हा तिचा पहिला प्रश्न. नाही जात! गाजरातल्या अ जीवनसत्त्वाचा उपयोग रातांधळेपणा टाळायला. पडद्याच्या मध्यभागी साठतात ती ल्युटिन आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं. पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक यांतून मिळणारी. गेलेली नजर त्यांनी परत येत नाही, पण पडद्याला आधार असतो. शिवाय तेल-तुपाशिवाय ती नीट अंगी लागत नाहीत. हे ऐकून बाई खूश, कारण शेंगाचटणीवर तेलाची धार सोडते म्हणून मी रोज टोकतो.

येताना लक्ष्मी मंडईतून मेथी, चाकवत, शेवग्याचा पाला घेतला. निवडायचं काम अर्थातच माझ्याकडे. अंड्याचं नाव काढलं, तर गळ्यातली तुळशीची माळ दाखवते.