नर्सिंग सीईटीची तयारी : देवगडातून

आमच्या देवगड तालुक्यात बारावी सायन्स केलेल्या मुलीला पहिला प्रश्न नीटचाच, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचाच विचारतात. दुकानात, एसटीत, पालखीच्या गर्दीत, कुठेही. "नीट कित्याक देणस नाय?" मी बीएस्सी नर्सिंगला जाणार म्हटलं की समोरचा जरा गप्प व्हायचा आणि मग समजूत काढल्यासारखा म्हणायचा, "बरा, नोकरी तरी बेगीन गावतली (लवकर मिळेल)." माझी समजूत काढायची गरज नव्हती. नीटची परीक्षा झेपत नाही म्हणून मी इकडे वळले नव्हते. बारावीनंतर गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले, तिथे केस पेपर काढण्यापासून सलाईनवर लक्ष ठेवण्यापर्यंत सगळं बघितलं आणि हेच काम व्यवस्थित शिकून करायचं असं ठरवलं.

आधी काय काय करता येतं ते बघितलं, कारण घरी कोणालाच माहिती नव्हती. डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा दोन वर्षांचा, त्याचा प्रवेश बारावीच्या गुणांवर. बी.फार्मला एमएचटी-सीईटी. फिजिओथेरपीला मात्र नीट लागते. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी हा टेक्निशियनचा पदवी अभ्यासक्रम आहे, तीन वर्षं आणि वर आणखी एक वर्ष इंटर्नशिप. नर्सिंगमध्येही तीन दारं आहेत. एएनएम (सहायक परिचारिका आणि प्रसाविका) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) तीन वर्षांचं आणि बीएस्सी चार वर्षांचं. जीएनएमला आर्ट्सची मुलगीही जाऊ शकते. हे आमच्याकडे फार कमी जणींना ठाऊक असतं, "सायन्स नाय मगे नर्स कशी होतलंस" असंच सगळे म्हणतात. बीएस्सीला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय बारावीला हवेतच, आणि खुल्या गटाला पीसीबीत ४५ टक्के. २०२३पासून राज्याचं सीईटी सेल बीएस्सी नर्सिंगसाठी वेगळी परीक्षा घेतं. त्याआधी प्रवेश नीटच्या गुणांवर व्हायचे, त्यामुळे लोकांच्या डोक्यात नीट अजून बसलेली आहे.

परीक्षेचं माहितीपत्रक मी ई-सेवा केंद्रातून छापून आणलं आणि कपाटाच्या दारावर चिकटवलं. शंभर प्रश्न, शंभर गुण, ९० मिनिटं, उत्तर चुकलं तरी गुण वजा नाहीत. फिजिक्स २०, केमिस्ट्री २०, बायोलॉजी २०, इंग्रजी २०, नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड २०. माझी सगळी तयारी या पाच आकड्यांवर उभी राहिली. कारण आमच्याकडच्या मुली करतात काय, तर बायोलॉजी घोटतात. मेडिकल लाइन म्हणजे बायोलॉजी, असा एक समज आहे. पण इथे बायोलॉजीला इंग्रजीइतकेच गुण आहेत. इंग्रजी आणि अ‍ॅप्टिट्यूड मिळून ४० गुण होतात, आणि त्या दोन्हींचा क्लास कुठेच नसतो. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, पेपरात फोटो येतात, पेढे वाटले जातात. तो निकाल शिक्षकांनी सांगितलेलं नेमकं लिहिण्याचा असतो. ५४ सेकंदांत एक प्रश्न सोडवायची सवय त्यातून लागत नाही.

क्लास लावायचा तर कणकवलीला किंवा रत्नागिरीला राहावं लागलं असतं. ते परवडणारं नव्हतं. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं माझ्याकडे होतीच, त्यांवरच सगळं केलं.

फिजिक्सची मला भीती होती, म्हणून सुरुवात तिथूनच केली. बारावीच्या पुस्तकात सोळा प्रकरणं आहेत आणि वीस प्रश्नांसाठी सगळ्यांना सारखा वेळ देणं मला पटलं नाही. द्रव, उष्णता, विद्युत प्रवाह, प्रकाश, अणू आणि अर्धवाहक ही आधी घेतली. दवाखान्यातल्या कामाने इथे खरी मदत केली. द्रवातला दाब उंची गुणिले घनता गुणिले गुरुत्वत्वरण, हे सूत्र मी शाळेपासून म्हणत आले होते. पण सलाईनची बाटली रुग्णाच्या हातापेक्षा साधारण मीटरभर उंच टांगतात ती का, हे आकडे घालून बघितलं तेव्हा ते सूत्र माझं झालं. एक मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे ९८०० पास्कल, म्हणजेच पाऱ्याचे सुमारे ७४ मिलिमीटर. शिरेतला दाब त्याच्या मानाने अगदी कमी, म्हणून पाणी आत जातं. रुग्ण बाथरूमला जाताना बाटली खाली धरतो आणि नळीत रक्त वर चढतं, तेही याच हिशेबाने. डॉक्टरांना मी हे गणित दाखवलं तर म्हणाले, "एमबीबीएसला असताना माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं." खरं बोलले की मला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे.

थेंबांचं गणितही तिथलंच. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायची आणि सेट २० थेंबांना एक मिली सोडणारा असेल, तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. हे मी घड्याळ समोर धरून इतक्या वेळा केलं होतं की कागदावरची त्रैराशिकं सोपी वाटायला लागली.

केमिस्ट्रीत द्रावणं, आयनिक समतोल आणि जैवरेणू ही तीन प्रकरणं आधी पक्की केली. नॉर्मल सलाईनवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ. मोलॅरिटी, म्हणजे लिटरमागचे मोल, ०.१५४. मिठाचे दोन आयन होतात म्हणून दोनाने गुणायचं, आणि अंगाच्या तापमानाला परासरण दाब निघतो साधारण ७.८ अ‍ॅटमॉस्फिअर. तांबड्या पेशीच्या आतही जवळपास तेवढाच, म्हणून पेशी फुगतही नाही आणि आक्रसतही नाही. आयन मोजून असं गुणायचं, म्हणजे व्हॅन्ट हॉफ गुणकाचं प्रकरण कॉलेजात आम्हाला दोन तासिकांत गुंडाळून दिलं होतं. ऑरगॅनिकच्या अभिक्रिया मात्र सरळ पाठ केल्या, त्याला दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. नामांकित रिअ‍ॅक्शन्स वहीच्या एका पानावर लिहून चुलीजवळच्या भिंतीला लावल्या होत्या. आई भाकऱ्या थापताना मला विचारायची, आणि तिला उत्तर कळत नसलं तरी मी अडखळले की तिला बरोब्बर कळायचं.

बायोलॉजीची प्रकरणं पंधरा. माणसाच्या शरीराची आधी, वनस्पतींची नंतर, असा बेत केला. श्वसन आणि रक्ताभिसरण, नियंत्रण आणि समन्वय, आरोग्य आणि रोग, प्रजनन, आनुवंशिकता. स्वायत्त चेतासंस्था माझ्या डोक्यात काही केल्या राहीना. संकटात अंगाला सज्ज करणारी सिंपथेटिक कुठली आणि पुन्हा शांत करणारी पॅरासिंपथेटिक कुठली, दर वेळी उलटंपालटं. मग डॉक्टरांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामाबद्दल सांगितलं. लाल विंचू चावला की अंगात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. कोकणात अशी माणसं दगावत होती. बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं, आणि विंचूदंशाने जाणारे जीव वाचायला लागले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या बागेत पालापाचोळा काढताना विंचू निघतोच, त्यामुळे त्या दिवसानंतर सिंपथेटिक म्हणजे काय हे मला कोणी विचारायची सोय राहिली नाही. रोगवाहकांचा तक्ताही असाच इथल्या आजारांवर बेतला. लेप्टो उंदराच्या मुतातून शेतातल्या पाण्यात, दोडामार्गातला माकडताप गोचिडीतून, मलेरिया अ‍ॅनाफिलिस डासातून. त्यातलं पुस्तकात सगळं नव्हतं, पण पुस्तकातलं त्याला धरून लक्षात राहिलं.

अ‍ॅप्टिट्यूडसाठी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांकडे जायचे. त्यांना परीक्षेचा नमुना माहीत नव्हता, पण प्रश्न वाचून दाखवला की ताबडतोब सांगायच्या. दोन रुग्ण एकदम आले, एकाचा पाय मोडलाय आणि तो ओरडतोय, दुसरा गप्प आहे पण त्याला धाप लागलीय, आधी कोणाकडे जाल? "ओरडतो तो श्वास घेतोय ना? मग गप्प आहे त्याच्याकडे जा." रुग्णाचा आजार शेजारणीने विचारला तर सांगायचा का, औषध चुकीचं दिलं गेलं तर आधी कोणाला कळवायचं, असे प्रश्न त्या माझ्याकडून तोंडी सोडवून घ्यायच्या. शिवाय आकृत्या, मालिका, दिशा, नातेसंबंध हे बुद्धिमत्तेचे प्रश्न. ते स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून केले. भावाने पोलीस भरतीसाठी घेतलेलं जुनं पुस्तक घरात होतं.

इंग्रजीला मी रोज पहाटेचा वेळ दिला. व्याकरण आठवी ते दहावीच्या पुस्तकांतून, आणि वाचनाला औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरातला घडीचा कागद. भाषा कोरडी असते, पण दहा खोकी वाचली की तेच तेच शब्द फिरून येतात.

हा सगळा अभ्यास एप्रिल-मेमध्ये येतो, आणि देवगडात एप्रिल-मे म्हणजे आंबा. घरची बाग लहान असली तरी काढणी, वर्गवारी, आढी, पेट्या भरणं यातून मुलीला सुटका नसते. बाबांनी एकदाही "अभ्यास सोड" म्हटलं नाही, पण पेट्यांची गाडी संध्याकाळी निघायची असली की मी वही बंद करायचे. दुपारी उकाड्यात वाचून काही डोक्यात जायचं नाही. त्यात वादळी पाऊस आला की लाइट जायची आणि मोबाइलची रेंजही. सरावाच्या ऑनलाइन चाचण्या मी सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळावर जाऊन सोडवायचे, तिथे निदान दोन काड्या दिसतात.

कागदपत्रांचं वेगळंच प्रकरण. वय-अधिवास आणि राष्ट्रीयत्व, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर हे 'आपले सरकार'वरून ई-सेवा केंद्राने काढून दिले. जात पडताळणीला मात्र घाम निघाला. आम्ही भंडारी, म्हणजे ओबीसी. पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा लागतो. आजोबा लहानपणीच मुंबईला गेलेले, पुढे गिरणीत लागले, त्यांची शाळा तिकडची. कोकणातल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे. शेवटी आजोबांचे थोरले भाऊ गावच्या मराठी शाळेत होते असं आजीला आठवलं. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांचं नाव सापडलं, पुढे जात लिहिलेली. मग वंशावळ, प्रतिज्ञापत्र आणि ओरोसच्या समितीकडे फाइल. ज्या मुली आत्ता अकरावीत आहेत त्यांनी हे काम अकरावीतच सुरू करावं. बारावीला कॉलेजमार्फत अर्ज जातो खरा, पण पुरावा शोधायचं काम घरच्यांनाच करावं लागतं आणि ते करणारी म्हातारी माणसं कायम राहत नाहीत.

परीक्षेचं केंद्र रत्नागिरी आलं. आदल्या दिवशी मावशीकडे जाऊन राहिले. सकाळची देवगड गाडी धरून नऊ वाजता पोचायचं धाडस करू नये, घाटात एक ट्रक बंद पडला की वर्ष गेलं. संगणकावर परीक्षा द्यायचा सराव मी ई-सेवा केंद्रातच केला होता, माउस हातात बसावा म्हणून. पेपरात आधी अ‍ॅप्टिट्यूड आणि इंग्रजी संपवलं, मग बायोलॉजी, मग केमिस्ट्री. फिजिक्स शेवटी ठेवलं. दोन-तीन गणितं लांबलचक होती, ती सोडून पुढे गेले आणि वेळ उरला तेव्हा परतले. न येणाऱ्या प्रश्नांनाही काहीतरी पर्याय टिचकवला, गुण कापत नाहीत तर रिकामं कशाला ठेवायचं.

निकालानंतर कॅप राऊंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाची फेरी. पसंतीक्रम भरताना फी, वसतिगृह आणि शिकण्यासाठी जोडलेलं रुग्णालय या तीनच गोष्टी बघितल्या. कॉलेजाची इमारत किती झकपक आहे हे साइटवरच्या फोटोत दिसतं, खाटा किती आणि रुग्ण किती हे दिसत नाही. त्यासाठी तिथे शिकणाऱ्या मुलींना फोन केले. ज्या कॉलेजात जायचंच नाही ते यादीत टाकू नका, एवढं त्या सगळ्यांनी सांगितलं, आणि ते मी तंतोतंत पाळलं. जागा मिळाली ती यादीत दुसऱ्या क्रमांकावर टाकलेल्या कॉलेजात. मूळ कागद, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि फीची सोय घेऊन बाबांबरोबर गेले.

पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र, नर्सिंग फाउंडेशन, आणि इंग्रजी संभाषण. औषधांचे ते घडीचे कागद मी हॉस्टेलवर आणलेत. खोलीतल्या विदर्भातल्या मुलीला ते वाचायला दिले, तर ती आता दुकानदाराकडून रिकामी खोकी मागून आणते.