चूक सांगा, पण वाक्य पुरं होऊ द्या

इंग्रजी संभाषणाच्या गटात नाव घातलं तेव्हा माझं वय 47. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "बोलताना चुका लगेच सांगू की नंतर?" मी ठसक्यात म्हणाले, "लगेच. एकूण एक." फी त्यासाठीच तर भरली होती.

तिसऱ्या दिवशी ही हौस फिटली. वडिलांच्या ऑपरेशनबद्दल सांगत होते. "डॉक्टर सेड मी..." एवढं म्हणते तोच शेजारचा, माझ्या मुलाच्या वयाचा, पटकन म्हणाला, "टोल्ड मी, काकू." पुढचं काही सुचेना. ऑपरेशन राहिलंच. मराठीत 'डॉक्टर मला म्हणाले' अगदी बरोबर, म्हणून तर ते 'सेड मी' तोंडात बसलेलं. पण हे तेव्हा कुठे कळत होतं? कळत होता तो फक्त चारचौघांत झालेला पोपट.

मॅडमची तऱ्हा उलटी. मी "आय हॅव गॉन देअर यस्टर्डे" म्हटलं की त्या हसून म्हणायच्या, "ओह, यू वेंट देअर यस्टर्डे?" मला वाटायचं, त्या रस घेऊन ऐकताहेत! मीही जोरात "येस, येस!" महिनाभर त्या चूक सुधारत होत्या आणि मी माना डोलवत होते.

शेवटी त्यांनीच सांगितलं की याला रीकास्ट म्हणतात. लिस्टर आणि रांटा या दोन अभ्यासकांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांत हेच पाहिलं होतं, 1997 साली ते छापून आलं. शिक्षक सर्वांत जास्त वापरत ती हीच रीत, आणि मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद मिळे तोही हिलाच. म्हणजे मी एकटीच मठ्ठ नव्हते तर.

मग आम्ही गटातच ठरवलं. बोलणाऱ्याचं संपेपर्यंत कुणी मध्ये पडायचं नाही. चूक चिठ्ठीवर लिहायची, एकाच्या वाट्याला फार तर दोन. मॅडमनी उत्तर न देता "सेड मी?" असं विचारून थांबायचं, दुरुस्ती मी शोधायची. एक काका म्हणाले, "मला चिठ्ठीही नको, आधी तोंड उघडू दे." त्यांचंही ऐकलं.

चिठ्ठ्याही काही बिनचूक नसत. त्या शेजारच्याने माझं 'डिस्कस्ड इट' खोडून 'डिस्कस्ड अबाउट इट' केलं, आणि सगळ्यांनी हो म्हटलं. मॅडमनी 'अबाउट' काढून टाकला तेव्हा मला झालेला आनंद काही शोभण्यासारखा नव्हता. पण त्यानंतर तो चिठ्ठीखाली प्रश्नचिन्ह टाकू लागला, आणि मला त्याच्या चिठ्ठ्या आवडू लागल्या.

परवा ऑपरेशनची गोष्ट पुन्हा काढली. "डॉक्टर टोल्ड मी" पासून वडील घरी येईपर्यंत, सलग. तो मान खाली घालून काहीतरी लिहीत होता. संपल्यावर चिठ्ठी सरकवली. तीवर एकच शब्द होता, डॉक्टरच्या आधी घालायचा: 'द'. खाली प्रश्नचिन्ह नव्हतं.