कवटी न उघडता मेंदूत औषध: आपली सोनोग्राफी तिथं का पुरत नाही

जळगाव-भुसावळकडून मेंदूच्या गाठीचे रिपोर्ट घेऊन आलेले नातेवाईक हल्ली मोबाईलवर, सोनोग्राफीसारख्या ध्वनिलहरींनी कवटी न उघडता मेंदूत औषध पोहोचवल्याची बातमी दाखवून विचारतात, "डॉक्टरसाहेब, सोनोग्राफी आपल्याकडे पण आहे ना, मग इथंच का नाही होत?" प्रश्न रास्त आहे.

पोटाची सोनोग्राफी साधारण साडेतीन मेगाहर्ट्झवर होते. त्या लहरी कवटीच्या हाडातच जिरतात. म्हणून या उपचाराच्या हेल्मेटसारख्या यंत्रात १०२४ ट्रान्सड्यूसर, म्हणजे लहरी सोडणारे छोटे घटक, असतात आणि ते २२० किलोहर्ट्झवर, म्हणजे कितीतरी कमी वारंवारतेवर चालतात. हाड सगळीकडे सारखं जाड नसतं, त्यामुळे आधी काढलेल्या सीटीवरून प्रत्येक ट्रान्सड्यूसरची लहर किती मागेपुढे सोडायची याचं गणित बसवतात. नेम एमआरआयवर धरतात. डोकं पूर्ण भादरावं लागतं, कारण केसांत अडकलेली हवा लहरी परतवते. हेल्मेटमधलं पाणीही हवा काढून टाकलेलंच लागतं.

पण नुसत्या लहरींनी काम होत नाही. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बहुतेक औषधं रक्तात फिरून तशीच पुढे जातात. म्हणून शिरेतून काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वायूचे बुडबुडे सोडतात. लहर आली की ते फुगतात, आकसतात आणि पेशींमधले सांधे सैल करतात. रक्तात ते जेमतेम काही मिनिटं टिकतात, त्यामुळे इंजेक्शन आणि लहरी यांची वेळ चुकली की सगळी मेहनत वाया.

खरी कसोटी ताकद किती ठेवायची याची. कमी पडली तर काहीच उघडत नाही. जास्त झाली तर बुडबुडे फुटतात आणि बारीक रक्तस्राव होतो. म्हणून यंत्र सतत ऐकत असतं. ११० किलोहर्ट्झचा, म्हणजे निम्म्या वारंवारतेचा सूर आला की बुडबुडे नीट हलताहेत. सगळ्याच वारंवारतांचा खरखराट सुरू झाला की ताकद लगेच कमी करायची किंवा थांबायचं.

नंतर गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयमध्ये उठून दिसणारं द्रव्य, शिरेतून देऊन एमआरआय करतात. ते पाझरलेलं दिसलं म्हणजे सांधे उघडले. इथं मात्र घाईनं खूश होऊ नये: गॅडोलिनियमचा रेणू हजार डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आत, तर औषध म्हणून देतात ती अँटिबॉडी सुमारे दीड लाखाची. पहिलं गेलं म्हणून दुसरी पुरेशी गेलीच, असं नाही. साधारण २४ तासांत सांधे पुन्हा मिटतात, म्हणजे औषध त्याआधीच रक्तात हवं.

हायनिनेन या संशोधकाच्या गटानं २००१ मध्ये सशांवर हे दाखवलं. २०१५ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात मेंदूच्या गाठीच्या पेशंटवर झालं. २०२४ च्या सुरुवातीला अल्झायमरच्या तीन पेशंटचे निकाल छापून आले. तीन म्हणजे फारच थोडे. त्यावर कुणी घर-शेत विकायला काढू नये.

कुणी पैसे घेऊन हाच उपचार देऊ केला, तर आधी सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा आणि वेबसाइटवर स्वतः पडताळा. चाचणीची चौकशी करायला मुंबईला जाताना नुसत्या फिल्म नेऊ नका. स्कॅन सेंटरवरून डायकॉम फाइल्सची, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमांची, सीडी मागून घ्या, सोबत बायोप्सीचा रिपोर्टही ठेवा.