आमची वाटचाल : फी घेतो, कमिशन नाही

कोल्हापुरात राजारामपुरीत छोटा गाळा घेऊन मी आणि बायकोनं इंटेरिअरचं काम सुरू केलं तेव्हा येईल तो एकच विचारायचा, सुतार आमचा आहेच की ओ, मग तुम्ही काय करणार? प्रश्न चुकीचा नव्हता, डिझायनर म्हणजे थ्रीडी फोटो दाखवणारा एवढंच लोकांना माहीत. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं तर १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी लागते, इंटेरिअर डिझायनर म्हणून मात्र उद्या कुणीही बोर्ड लावतो. त्यामुळं नियम आपणच आपल्याला घालून घ्यायचे.

आमचा पहिला नियम पैशाचा. प्लाय, हार्डवेअर, टाइल्सच्या दुकानातनं डिझायनरला कमिशन सुटतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. आम्ही फी आधी लेखी ठरवतो आणि दुकानाचं बिल थेट घरमालकाच्या नावावर. एका दुकानदारानं दिवाळीला मिठाईच्या बॉक्समधनं पाकीट पाठवलेलं, परत केलं तर गडी रुसलाच!

पण कमिशन नाही म्हटल्यावर मालाबद्दल तोंड उघडून बोलता येतं. सिंकखाली आयएस ७१० चाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३ चा साधा प्लाय चालतो, उगाच मरीन घालून बिल फुगवायचं कशाला. लॅमिनेट चिकटवायच्या आधी मालकाला बोलावून प्लायवरचा आयएस नंबरचा शिक्का दाखवतो, कारण एकदा लॅमिनेट बसलं की आत काय आहे ते सुतार आणि देव जाणे.

२०१९ च्या महापुरानं मात्र आमचं डिझाइनच बदललं. शाहूपुरीत तळमजल्यावरची पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांची, कपाटं पाणी ओसरल्यावर पावासारखी फुगलेली बघितली, आणि २०२१ ला परत तेच. आता पूरपट्ट्यातलं काम आलं की आधी विचारतो, दोन्ही वेळा पाणी कुठवर आलेलं? खडूनं रेघ मारायची, प्लगपॉइंट त्या रेघेच्या वर, तळमजल्याचं सर्किट वेगळं, कपाटांना स्टीलचे पाय, आणि जमिनीला टेकणारा स्टोरेजचा बेड शक्यतो नाहीच.

अजून एक, हॉल मोठा पाहिजे म्हणून भिंत पाडा म्हणणारे लई असतात. पाडायला हरकत नाही असं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आल्याशिवाय आम्ही हातोडा लावू देत नाही, ते ठरवणं आमचं काम नव्हे. पत्राचा खर्च कशाला म्हणून काही जण दुसरीकडं गेले, जाऊ देत.