जुना कोबा फोडायचा की त्यावरच नवा चढवायचा?

नाशिकच्या इंदिरानगरमधलं आमचं घर वडिलांनी बांधलेलं. २०१९ च्या ऑगस्टात गोदेला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, त्याच आठवड्यात मधल्या खोलीच्या छताला पहिला डाग पडला. पुढची चार वर्षं दर मे महिन्यात गच्चीवर नवं रसायन फासायचं आणि जुलैत खाली बादली ठेवायची, हाच कार्यक्रम.

शेवटी गच्चीच्या कोब्यासाठी, म्हणजे स्लॅबवरच्या पाणी अडवणाऱ्या विटांच्या थरासाठी, मिस्त्रींना बोलावलं. "भाऊ, फोडाफोडी कशाला? आहे त्यावर तीन इंच मारून देतो, पाच दिवसांत मोकळे." फोडायचं तर खर्च दुप्पट, शिवाय राडारोडा. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

भाचा सिव्हिल इंजिनिअर. त्याने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. कोबा घनमीटरला साधारण दोन टन. म्हणजे चार इंचांचा थर चौरस मीटरला २०० किलो. आमची ७०० चौरस फुटांची गच्ची आधीच १३ टन घेऊन उभी. "मामा, वर वावरणाऱ्या माणसांसाठी चौरस मीटरला १५० किलो धरतात. अजून तीन इंच चढवले तर तेवढं कोबाच खाऊन टाकेल." आणि मला न सुचलेली गोष्ट: जिन्याच्या दाराचा उंबरा जेमतेम चार इंच. तीन इंच भर घातली की पाऊस थेट जिन्यात.

तरी मन होईना. मग कठड्याजवळ, हातोडी मारल्यावर भद्द वाजत होतं तिथे, दोन फुटांचा चौकोन उघडला. एप्रिलचं ऊन, वर पाय ठेववत नव्हता, पण खालची वीट दमट निघाली. चिमटीत धरली तर भुगा. हे पाणी नव्या थराखाली कोंडून मी वर पैसे घालणार होतो!

फोडायला आठ दिवस लागले. ब्रेकर लावू दिला नाही, स्लॅबला हादरे नकोत म्हणून सगळं छन्नी-हातोडीने. शेजाऱ्यांनी बरंच ऐकवलं, त्यांचंही बरोबर होतं.

उघड्या स्लॅबच्या भेगा ग्राउटने, म्हणजे पातळ सिमेंटने, भरून, कडेने आळी करून तीन दिवस पाणी साठवलं. तिसऱ्या दिवशी पावसाळी पाइपाच्या तोंडाखाली थेंब धरला. भेगा भरूनही! पाइपाचं तोंड बदललं, पुन्हा पाणी भरलं, मगच विटा लावू दिल्या. उतार मात्र मी स्वतः दोरी धरून पाहिला, दहा फुटांना सव्वा इंच. मिस्त्री हसत होते.